नांवाचें नगर

प्रवासवर्णन म्हटलें कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालयाचीं शिखरें तरी उभीं राहतात, नाहीं तर परदेशांतील मोठमोठीं शहरें. आज ज्या गांवाविषयीं आम्ही लिहिणार आहों तेथें हवा पालटण्यासाठीं कोणी जात नाहीं. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस, पैनगंगेच्या अलीकडे, हिमायतनगर म्हणून तालुक्याचें गांव आहे. महाशिवरात्रीस तेथें श्रीपरमेश्वराची यात्रा भरते, तेव्हां पंचक्रोशी लोटते. पावसाळ्यांत सहस्रकुंडाचा धबधबा पाहण्यास निघालेली मंडळी त्या बाजूस वळते. एरवीं त्या स्टेशनावर उतरणारा मनुष्य बहुधा तेथलाच असतो, किंवा तेथल्या कोणाचा तरी पाहुणा असतो. आम्ही दुसऱ्या वर्गांतले.

आमचे थोरले मावसभाऊ हिमायतनगरास राहतात. आम्ही त्यांस दादा म्हणतों. वय पंचाहत्तरीच्या घरांत. गेल्या पौषांत त्यांचा फोन आला. "एकदां येऊन जा. शेताचें ठरवायचें आहे. मुलगा म्हणतो विका, मी म्हणतों नको, आणि तुझी वहिनी दोघांचेंही ऐकून घेते."

विषय शेताचा खरा, पण तो शेतापुरता नव्हता. दादांचा एकुलता एक मुलगा छत्रपति संभाजीनगरजवळच्या नव्या औद्योगिक शहरांत एका कारखान्यांत पर्यवेक्षक आहे. शेत विकून संभाजीनगरास घर घ्यावें आणि आईवडिलांस तेथें न्यावें, असा त्याचा बेत. त्याला आम्हीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, "काका, बाबांच्या गांवीं जाण्याआधीं माझें गांव पाहा. मग काय तो निवाडा द्या." सहा वर्षांपूर्वीं जेथें त्याचें ओळखीचें कुत्रेंही नव्हतें त्या ठिकाणास तो सहज 'माझें गांव' म्हणून गेला. हें आम्हांस चमत्कारिक वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर थोडें लागलेंही. पण मुलाचें म्हणणें न्यायाचें होतें. कल्याणहून निघून आम्ही आधीं त्याच्याकडेच उतरलों.

संभाजीनगराच्या पूर्वेस जालना रस्त्यावर शेंद्रा, आणि दक्षिणेस पैठण रस्त्यावर बिडकीन. या दोन ठिकाणीं मिळून सुमारें १०,००० एकरांवर 'ऑरिक' नांवाचें हें शहर आंखलेलें आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर या प्रचंड योजनेंतला हा एक मणी. शहर उभारणाऱ्या कंपनींत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा वांटा ५१ टक्के, व केंद्राच्या न्यासाचा ४९ टक्के. शेंद्र्याच्या मुख्य इमारतीचें उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें झालें. एकंदर जमिनींपैकीं साठ टक्के कारखान्यांस, व बाकीची राहणें, बाजार, शाळा, दवाखाने, बागा यांस, असा हिशेब नकाशांत आहे.

आमच्यासारख्या जुन्या माणसास पहिल्याप्रथम काय जाणवतें तें सांगतों : विजेच्या तारा नाहींत. म्हणजे वीज आहे, तारा दिसत नाहींत. वीज, पाणी, सांडपाणी, दूरसंदेश या सर्वांच्या वाहिन्या जमिनीखालून नेलेल्या आहेत. आमच्या गल्लींत रस्ता डांबरानें सारवून होतो न होतो तोंच नळवाले कुदळ घेऊन हजर होतात. येथें तो प्रकार होऊं नये अशी आधींच तजवीज आहे. वापरलेलें पाणी शुद्ध करून पिण्याखेरीज इतर कामांस पुन्हां फिरवावयाचें, हीही सोय मुळांतच धरलेली. रस्ते असे कीं दोन बैलगाड्या शर्यतीनें गेल्या तरी मध्यें वऱ्हाड वाजतगाजत जाईल. पुतण्या मोटारसायकलीवरून फिरवीत होता आणि एकेका कारखान्याकडे बोट दाखवून असा सांगत होता कीं जणुं काय तो पंढरीचा बडवा व आम्ही नवखे वारकरी.

त्या फिरण्यांत एक गोष्ट आमच्या मनांत रुतून बसली. एका मोठ्या कारखान्यापाशीं तो म्हणाला, "हा कोरियाच्या कंपनीचा. येथें स्पँडेक्स होतो, ताणला तर ताणतो असा धागा." मराठवाड्याची काळी जमीन पिढ्यानुपिढ्या कापूस पिकवते. त्या मराठवाड्याच्या नव्या नगरींत धागा निघतो, पण तो रसायनाचा. यांत कोणाचा दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जगाच्या बाजारांत त्या धाग्यास मागणी आहे, कारखान्यास माणसें लागतात, आणि आमच्या पुतण्याच्या कित्येक सोबत्यांची चूल त्यावर पेटते. तरी पण दादांच्या शेतांतला कापूस आम्हांस त्या वेळीं आठवला खरा.

जुलै २०२४ मध्यें टोयोटा-किर्लोस्कर कंपनीनें येथें मोटारींचा कारखाना काढण्याविषयीं राज्य सरकाराशीं करार केला, असेंही त्यानें अभिमानानें सांगितलें. 'किर्लोस्कर' हें नांव ऐकतांच आमच्या वयाच्या मराठी माणसाचें मन कुंडलच्या माळाकडे वळतें. बेळगांवांतून उठावें लागलेल्या लक्ष्मणरावांनीं १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या, निवडुंगानें भरलेल्या त्या उजाड माळावर कारखाना काढला, आणि कारखान्याबरोबर घरें, शाळा व बागा उभ्या केल्या. तिकडे सुवर्णरेखेच्या कांठीं साकची खेड्याजवळ टाटांनीं पोलादाचा कारखाना घातला. १९१२ सालीं तेथें पहिलें पोलाद निघालें व १९१९ सालीं गांवाचें नांव जमशेदपूर झालें. पुढें इंदापूर तालुक्यांत शेठ वालचंद हिराचंदांचें वालचंदनगर वसलें. या तिन्ही ठिकाणीं क्रम एकच होता. आधीं कारखाना, मग त्याच्या माणसांसाठीं गांव. मालकास रोज सकाळीं कामगारांचीं तोंडें पाहावीं लागत, म्हणून त्यांच्या घरांचीही काळजी करावी लागे.

स्वातंत्र्यानंतर हें काम सरकारनें शिरावर घेतलें. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुमारास भिलाई, रूरकेला, दुर्गापूर हीं पोलादाचीं नगरें उठलीं. महाराष्ट्रांत १९६२ च्या ऑगस्टांत औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि वसाहतींमागून वसाहती आंखल्या गेल्या. चिकलठाणा त्यांतलीच. वाळूजला १९८५ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर तर औरंगाबाद शहराचें रूपच पालटलें. आतां जो तिसरा प्रकार चालू आहे त्यांत क्रम उलटा झाला आहे. सरकारनें आधीं नगर बांधावयाचें, रस्ते, पाणी, वीज सर्व मांडून ठेवावयाचें, आणि मग कारखानदारांची वाट पाहावयाची. मंडप घालून, केळीचे खुंट रोवून, सनई बोलावून मग वरसंशोधनास निघावें, त्यांतला हा प्रकार. मंडप चांगला असला तर वर मिळतोही. शेंद्र्यास मिळाले. २८ ऑगस्ट २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें अशीं आणखी बारा नगरें २८,६०२ कोटि रुपये खर्चून उभारण्यास मंजुरी दिली. त्यांत कोंकणांतलें दिघी आहे, व आमच्या लातूर-बिदरच्या पलीकडचें तेलंगणांतलें जहीराबादही आहे.

संध्याकाळीं पाळी सुटली. हजारों माणसें फाटकांतून बाहेर पडलीं, बसमध्यें, मोटारसायकलींवर चढलीं, आणि अर्ध्या तासांत ते रुंद रस्ते ओस पडले. दिवे लागले ते कोणासाठीं हेंच कळेना. राहण्यासाठीं राखलेले भूखंड नकाशांत आहेत, जमिनीवर आंखलेलेही आहेत, पण त्यांवर वस्ती अजून तुरळकच. आमचा पुतण्यासुद्धां संभाजीनगरांत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि रोज ये-जा करतो. 'माझें गांव' म्हणणारा हा मुलगा त्या गांवांत एक रात्रही निजलेला नाहीं. हें आम्हीं त्यास बोलून दाखविलें तेव्हां तो हंसला. "काका, जमशेदपूर एका दिवसांत झालें का ?" तेंही खरेंच.

रात्रीं नंदीग्राम एक्सप्रेसनें आम्ही पुढें निघालों. ही गाडी मुंबईहून निघून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करीत मुदखेडवरून किनवट-आदिलाबादकडे जाते. दादांच्या गांवाला आणि त्यांच्या मुलाच्या 'गांवा'ला सांधणारा हा एकच दोरा. डब्यांत सारी तरुण मुलें. कोणी वाळूजचा, कोणी पुण्याकडून आलेला, कोणी बांधकामावरचा. पायांशीं पिशव्या, कानांत बोंडें, आणि गाढ झोंप. पूर्वीं हा मार्ग मीटरगेज होता, तेव्हां मुदखेडपुढें गाडी इतकी सावकाश चाले कीं खालीं उतरून बोरें वेंचून पुन्हां चढावें असें आमच्या लहानपणीं म्हणत. आतां रूळ रुंद झाले. भोकर मागें पडल्यावर दोन्ही बाजूंस वेंचणीस आलेला कापूस पहांटेच्या अंधारांतही पांढरा दिसूं लागला.

गांवाचें मूळ नांव वाढोणा. म्हातारीं माणसें अजून वाढोणाच म्हणतात. निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान. हैदराबाद शहरांतही त्यांच्या नांवाचा एक हिमायतनगर भाग आहे. त्यांचाच किताब 'आज़म जाह'. वरंगळास १९३४ सालीं जी मोठी कापडगिरणी निघाली तिचें नांव आज़मजाही गिरणी. राजपुत्राचा किताब एका गिरणीस मिळाला आणि हजारों लोकांस काम लागलें. वाढोण्याच्या वांट्यास नुसतें नांव आलें आणि पुढें 'नगर' ही पदवी लागली, एवढेंच.

निजामाच्या राजवटीविषयीं मराठवाड्याच्या मनांत काय आहे तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. सप्टेंबर १९४८ पूर्वींच्या त्या दिवसांच्या आठवणी दादांच्या घरांतही आहेत, आणि त्या सांगतांना त्यांचा आवाज अजून बदलतो. परंतु हिशेब हिशेबाच्या जागीं ठेवावा. त्या संस्थानांत १९२९ सालीं उद्योगांस भांडवल पुरविण्यासाठीं एक औद्योगिक न्यास-निधि स्थापन झाला, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या या टापूच्या भोंवतीं नगरें उठलीं. लातूरवरून वाहत जाणाऱ्या मांजरा नदीवर खालीं निजामसागर धरण १९३१ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्यावर ऊंस, उंसावर बोधनचा निजाम साखर कारखाना १९३७ सालीं, आणि कारखान्याभोंवतीं वसाहत, तिचें नांव शक्करनगर. पूर्वेस शिरपूरच्या बाजूला बांबूचीं रानें. तेथें १९४२ सालीं कागद निघूं लागला आणि कोठापेठचें झालें कागजनगर. नांदेडांत कापसावर उस्मानशाही गिरणी. जेथें कच्चा माल तेथें कारखाना, आणि जेथें कारखाना तेथें नगर, असा तो सरळ हिशेब होता. नांव मागून येई, आणि तें साखरेचें किंवा कागदाचें येई.

दादा या विषयावर रंगून बोलतात. जेवणें झालीं होतीं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, तुरीच्या ओल्या शेंगा. माजघरांत घोंगडीवर बसून दादांनीं आपली बाजू मांडावयास सुरुवात केली. "शक्करनगर शेतकऱ्याच्या बांधावर आलें. तुमचें ऑरिक आम्हांला तीनशें किलोमीटरांवर बोलावतें. माल आमचा राहतो येथें, आणि मुलगा जातो तिकडे. हें नगर कोणाचें ?"

पुतण्या त्याच रात्रीं फोनवर होता. त्यानें तिकडून उत्तर दिलें तें आम्ही येथें जसेंच्या तसें देतों, कारण आम्हांस तें सोडवितां आलें नाहीं. "बाबा, शक्करनगर आज कोठें आहे ? कारखाना २०१५ सालीं बंद पडला. आज़मजाही बंद. उस्मानशाही बंद. कागजनगरची गिरणी २०१४ सालीं थांबली ती चार वर्षांनीं दुसऱ्या कंपनीनें घेतली तेव्हां सुरू झाली. तीं चार वर्षें त्या गांवानें काय खाल्लें असेल? एका कारखान्याचें गांव त्या कारखान्याबरोबर मरतें. माझ्याकडे एक बंद पडला तर मी समोरच्या फाटकांत जाईन."

दादा कांहीं वेळ बोलले नाहींत. एका धंद्यावर उभें केलेलें नगर हें एका विहिरीवरच्या बागाइतासारखें असतें, ही गोष्ट त्यांच्याइतकी चांगली दुसरें कोण जाणणार ? १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां बोधन एका राज्यांत गेलें आणि नांदेड दुसऱ्यांत. पुढें तोट्याचें गणित कोणी कोणाच्या गळ्यांत घालावयाचें यांतच वर्षें गेलीं. लहानपणीं आम्हीं ज्या उस्मानशाहीच्या भोंग्यावर नांदेडची घड्याळें लागतांना ऐकलीं, तो भोंगा आतां कोणास आठवतही नाहीं.

पाण्याचा मुद्दा मात्र दादांच्या बाजूचा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. ऑरिकास पाणी जायकवाडीचें. त्याच जायकवाडीवर संभाजीनगर शहर अवलंबून, आणि त्या शहरांत नळास कित्येक वर्षें दिवसांआड पाणी येत आलें आहे. त्याच धरणाच्या कालव्यांकडे खालचे शेतकरी डोळे लावून असतात. एप्रिल २०१६ मध्यें लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून पाजावें लागलें. ज्या मांजरेच्या जोरावर निजामसागर व शक्करनगर झालें, त्याच मांजरेच्या कांठच्या जिल्ह्याची ही गत. तेव्हां मराठवाड्यांत नगर आंखणारानें आधीं रस्त्यांची रुंदी न मोजतां धरणाची पातळी मोजावी, असें आम्हांस वाटतें. वापरलेलें पाणी फिरवून पुन्हां वापरण्याची ऑरिकमधली सोय ही त्या नगराची खरी शोभा. तारा लपविल्या ही त्यापुढें क्षुल्लक गोष्ट.

दुसऱ्या दिवशीं दादांबरोबर शेतावर गेलों. पूर्वीं या घराची जमीन पुष्कळ होती. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्यानंतर आणि वांटण्यांनंतर आतां चोवीस एकर उरली आहे. त्यांत सोळा एकर कोरडवाहू, आठ एकर विहिरीखालीं. कापूस, सोयाबीन, तूर, थोडी हळद. सालगडी दादांच्याच वयाचा. त्याचा मुलगा हैदराबादेस ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहे. पुतण्यानें पदविका घेतली म्हणून त्याला शेंद्र्याचें फाटक उघडलें. या मुलाचें शिक्षण आठवींत थांबलें म्हणून त्याला तें उघडत नाहीं. नव्या नगराविषयीं बोलतांना आम्हां पांढरपेशांस आपल्या घरची वाट तेवढी दिसते, आणि दुसरी दिसत नाहीं. हें आम्ही आपल्यावरही घेऊन लिहीत आहों.

परततांना एका जिनिंगच्या कारखान्यावर थांबलों. दादांची गाडी तेथें मापावर होती. आवारांत कापसाचे डोंगर, आणि त्यांवर चढून फावड्यानें खालीं लोटणाऱ्या बायका. नाकावर पदर बांधलेला, भुवया पांढऱ्या झालेल्या. यंत्रांतून एका बाजूस रुई पडते, दुसऱ्या बाजूस सरकी. हिशेब सोपा आहे. पांच क्विंटल कापूस घातला तर सुमारें एक तृतीयांश रुई निघते, म्हणजे १७० किलोंची एक गांठ. बाकीची सरकी तेलाच्या घाण्याकडे व पेंडीकडे. गांठ आवळली, पत्रा मारला, आणि ट्रकावर चढली. येथें गांवाचा संबंध संपला. त्या गांठीचें सूत दुसरीकडे, कापड तिसरीकडे, सदरा चवथीकडे. प्रत्येक मजल्यावर किंमत चढत जाते, आणि त्या चढत्या किंमतीचा शेवटचा मजला हिमायतनगरास सदऱ्याच्या रूपानें परत विकत मिळतो.

आम्हांस जर कोणी विचारील, आणि विचारणार कोणी नाहीं हें आम्ही जाणतों, तर आम्ही म्हणूं कीं दहा हजार एकरांचें नगर या गांवास नको. रेल्वेच्या रुळापासून हाकेच्या अंतरावर एक सूतकताईचा व दोनचार लहान कारखाने, हळदीस पॉलिश, सोयाबीनचें तेल, एवढें एका आवारांत, आणि त्या आवारास बिडकीनच्या रस्त्यासारखी अखंड वीज, पाणी व फिरवून वापरण्याची सोय. पुतण्याचा मुद्दा यांत सांभाळला जातो, कारण एक धंदा बसला तर दुसरा उभा राहतो. दादांचाही सांभाळला जातो, कारण माल व मुलगे दोन्ही जवळ राहतात. नांदेडहून देगलूरच्या बाजूस कृष्णूर येथें पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. तारे पांच मिळाले, परंतु तालुक्यातालुक्यांस एक एक तारा वांटला असता तर ? अर्थात् अर्थशास्त्रज्ञ म्हणतील कीं असे विखुरलेले कारखाने महाग पडतात, एका ठिकाणीं शेंकडों असले कीं कुशल कारागीर, सुटे भाग, दुरुस्ती, बँक सारें जवळ मिळतें. त्यांचें म्हणणें आम्हांस पटतें. जिनिंगवरच्या त्या बायका पाहिल्यावर अर्धवट पटतें.

तिसऱ्या दिवशीं निवाडा देण्याची वेळ आली. खरें सांगतों, आम्ही निघालों तेव्हां मनांतून मुलाच्या बाजूचे होतों. म्हाताऱ्या माणसांनीं एकटें राहूं नये, दवाखाना जवळ असावा, हें कोणीही म्हणेल. दादांस दोन वर्षांपूर्वीं हृदयाचा त्रास झाला होता आणि नांदेडास पोंचेपर्यंत वहिनींनीं गाडींत रामरक्षा म्हणत तीन वेळां पाणी पाजलें होतें. हें सर्व ठाऊक असतांना 'विकूं नका' असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें ?

त्या वेळीं वहिनी बोलल्या. चार दिवसांत प्रथमच त्यांनीं या विषयांत तोंड उघडलें. "भाऊजी, तुम्हीं तें नवें गांव पाहिलें ना ? तेथें शेजारीं कोण राहतें ?"

आम्हीं त्यांस खरें तें सांगितलें : कारखान्यांच्या नगरांत अजून शेजार नाहीं. घर घ्यावयाचें तें संभाजीनगरांत, पांचव्या मजल्यावर.

"मग तें गांव पुरें झालें म्हणजे बघूं," वहिनी म्हणाल्या, आणि चहा ठेवावयास आंत गेल्या.

यावर आम्हीं जो तोडगा काढला तो फार मोठा नाहीं. कोरडवाहू सोळा एकरांपैकीं रस्त्याकडेचे सहा विकावेत, त्यांतून मुलानें घरासाठीं लागणारी पहिली रक्कम भरावी. विहिरीखालची जमीन व वाडा दादांच्या हयातींत हलवूं नये. राहिलेली कोरडवाहू सालगड्याच्या घरास बटईनें द्यावी, म्हणजे त्याच्या मुलास हैदराबादेहून परत यावेंसें वाटलें तर कांहीं तरी असेल. पावसाळ्याचे चार महिने दोघांनीं संभाजीनगरास राहावें. दादांनीं 'बरें' म्हटलें, पण त्यांचें 'बरें' आम्ही चाळीस वर्षें ओळखतों. त्याचा अर्थ 'कापूस विकून होऊं दे, मग पाहूं' असा असतो. पुतण्यास हा तोडगा अपुरा वाटला आणि त्यानें तसें स्पष्ट सांगितलें. सहा एकरांत संभाजीनगरास घर होत नाहीं, फार तर त्याचें स्वयंपाकघर होतें, असें तो म्हणाला.

निघतांना दादा स्टेशनावर आले. एका पिशवींत हळकुंडें, दुसरींत तुरीची डाळ, तिसरींत वहिनींनीं केलेल्या तिळाच्या वड्या. "ही मधली त्याच्याकडे दे," ते म्हणाले. पलीकडच्या रस्त्यानें रुईच्या गांठींनीं भरलेले दोन ट्रक नांदेडच्या दिशेस गेले. दादा त्यांकडे पाहत राहिले. त्यांत आपला माल आहे कीं नाहीं हें ओळखण्याचा कांहीं मार्ग नव्हता.

संभाजीनगरास गाडी पोंचली तेव्हां पुतण्या फलाटावर उभा होता. दुसऱ्या पाळीहून तसाच आलेला, अंगांत कारखान्याचा निळा सदरा. आम्हीं खिडकींतून डाळीची पिशवी दिली. त्यानें तिचें वजन हातानें अजमावलें, आणि विचारलें, "या वर्षीं उतारा कसा आहे ?"

"एकरी पांच," आम्ही म्हणालों.

"विहिरीखालचा कीं कोरडवाहूचा ?" तो विचारीत होता, आणि गाडी सुटली.